‘संत तुकाराम’च्या डीव्हीडीबद्दलच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. दादांनी वडिलांसाठी आमच्या लातूरच्या दुकानातून प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’ची डीव्हीडी नेली. त्यांचं म्हणणं असं की चित्र धुरकट आहे, आवाज चिरका आहे, मधले सीन कापलेत, माल डुप्लिकेट आहे, आणि शेवटी लिहिलंय की सिनेमाच तसला, जुना आहे म्हणून लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.

डिस्क खराब आहे हे एकदम मान्य. बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. पण डुप्लिकेट माल आमच्याकडं मिळत नाही दादा. ती ओरिजिनल आहे, हक्क घेतलेल्या कंपनीनंच काढलेली, होलोग्राम बघा तिच्यावर. आणि राग त्याचाच येतो. चोरून कॉपी मारणाऱ्यानं असलं केलं असतं तर समजलं असतं, पण ज्यांच्या हातात हक्क आहेत त्यांनीच नुसत्या पाट्या टाकल्यात.

आता तुम्हाला जे दिसलं ते का दिसलं ते सांगतो, कारण त्यात सिनेमाचा काहीच दोष नाही. स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेला एक थरथरती पट्टी दिसते बघा, ती फिल्मवर नसतेच, ती व्हिडिओ टेपची खूण. म्हणजे यांनी रीळ काढून नीट स्कॅन केलेलंच नाही, कुठलीतरी जुनी टेप घेतली आणि तीच डिस्कवर उतरवली. त्यात एका डिस्कवर तीन सिनेमे कोंबलेत. साध्या डीव्हीडीत जागा 4.7 जीबी, त्यात तीन बसवायचे म्हटल्यावर चित्र दाबावंच लागतं, मग देवळातला अंधार, रात्रीचे सीन, सगळीकडं नुसते चौकोन चौकोन दिसतात. आणि एवढं करूनही कोपऱ्यात कंपनीचा लोगो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लख्ख!

सीन कापलेत असं तुम्हाला वाटलं कारण सिनेमा 131 मिनिटांचा आहे आणि ही डिस्क साधारण 126 मिनिटांत संपते. कापलेलं काही नाही, पळवलंय. फिल्म चालते सेकंदाला 24 फ्रेमनं, आपल्या टीव्हीची पद्धत 25 ची, तशीच सरळ चढवली की सगळंच चार टक्के जोरात पळतं आणि आवाज जवळजवळ अर्धा स्वर वर जातो. आमच्याकडं औशाकडचे एक भजनी मंडळातले पेटीवाले काका येतात, त्यांनी ही डिस्क दुकानात दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, अहो पागनीस बुवांचा (यात तुकोबा झालेत ते) गळा असा पातळ नाही. त्यांना फ्रेमबिम काही माहिती नाही, कानानं ओळखलं. तुम्ही चिरका म्हणालात तो हाच आवाज.

आणि चित्र. हा सिनेमा जवळजवळ चौकोनी फ्रेमचा आहे, दोन्ही बाजूला काळं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण टीव्ही भरला पाहिजे म्हणून यांनी वरून खालून मिळून उंचीचा पाव भाग उडवला. जिजाई चप्पल घेऊन विठोबाच्या देवळात शिरते तो सीन आठवा. गौरीनं काय काम केलंय ते! नवरा अभंगात बुडालेला, घरात दाणा नाही, लेकरू आजारी, आणि ती थेट देवालाच जाब विचारायला निघते. तिचा राग नुसता तोंडावर नाही ओ, चालण्यात आहे, हातात आहे, पूर्ण अंगात आहे, आणि तेच नेमकं फ्रेमच्या बाहेर गेलं तर बघणाऱ्याला वाटणारच की बाई नुसती ओरडते.

म्हणून तुमची शेवटची ओळ मला सोडवत नाही. गाथा कुणी फिक्या शाईत छापली म्हणून तुकोबांना नावं ठेवता का? दामले आणि फत्तेलाल यांचा हा सिनेमा मुंबईत सेंट्रल थिएटरला 57 आठवडे चालला, 1937 ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला गौरवला गेला. यातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं, तर जाणत्या लोकांनाही तो तुकोबांचाच अभंग वाटला. आणि पागनीस कुठंही संताचं सोंग करत नाहीत, साधा शेजारचा माणूस वाटतो, आमच्या भागात एकादशीला टाळ घेऊन उभी राहणारी माणसं दिसतात तसाच.

जुना सिनेमा असाच दिसणार हेही खरं नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्ह 1993 ला लंडनच्या आगीत जळाल्या होत्या, तरी त्यातलं जे वाचलं ते आणि दुसऱ्या प्रती जोडून 2015 ला असा स्वच्छ उभा केला की बघत राहावं. मेहनत लागते, पैसा लागतो, पण होतं. आणि आपल्याकडं तर 2003 ला पुण्यात नायट्रेटच्या, म्हणजे जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या रिळांना आग लागून प्रभातचा किती ठेवा गेला, त्यानंतर जे हातात आहे ते तरी जिवापाड जपायला नको का? मी कंपनीला फोन केले, मेलही टाकला, उत्तर आलं की मार्केट नाही. मार्केट नाही म्हणे! आषाढीच्या आधी गावागावातनं लोक हाच सिनेमा मागायला येतात, ज्यांच्याकडं अजून नेट धड चालत नाही ते तर डिस्कच मागतात, आणि त्यांच्या गळ्यात हे असलं मारायचं मला जमणार नाही. उरलेल्या सगळ्या प्रती रॅकवरनं काढल्यात, डिस्ट्रिब्युटरला परत चालल्यात.

तर दादा, पैसे न्यायला याल तेव्हा वडिलांनाही घेऊन या. माझ्याकडं याच सिनेमाची एक जुनी डिस्क आहे, विकायची नाही, घरची आहे, एका डिस्कवर एकच सिनेमा आणि फ्रेम पूर्ण. दुपारी गर्दी नसते, दुकानातल्या टीव्हीवर लावतो, निवांत बसून बघा. एक स्टार हवा तर तसाच राहू द्या, डिस्कला तो जास्तच झाला. फक्त सिनेमाबद्दलची ती ओळ बघून झाल्यावर काढता आली तर काढा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवस दहा ते आठ, गंजगोलाईत कुणालाही विचारा.