पिसवांवरचा ‘रामबाण उपाय’ मांजराच्या जिवावर उठतो

एकच पोस्ट मला गेल्या महिन्याभरात पाच जणांनी पाठवली. पाचही जण मांजर पाळणारे, मांजरावर मनापासून जीव लावणारे. त्यातल्या एकीने तर खाली लिहिलं होतं, ‘आजपासून सुरू करते.’ म्हणून हे लिहायला बसलो.

पोस्टचा मजकूर थोडक्यात असा आहे: मांजराच्या पिसवा केमिकलशिवाय सात दिवसांत मुळापासून जातात. रोज जेवणात लसूण ठेचून द्या, रक्ताला वास आला की पिसवा पळतात. अंगाला टी ट्री तेलाचे चार थेंब किंवा लिंबाच्या सालीचा अर्क चोळा. लवकर गुण हवा असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध अर्ध्या मापाने चालतं. आणि मांजर घराबाहेर जात नसेल, अंगावर पिसवा दिसत नसतील, तर काहीच करायची गरज नाही.

पोस्टमधला क्रम मी पाळणार नाही. ज्याने मांजर मरू शकतं, ते आधी.

कुत्र्याचं औषध अर्ध्या मापाने. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याचं शरीर त्याचा निचरा करतं. मांजराच्या यकृतात मात्र अशी द्रव्यं निष्प्रभ करून बाहेर टाकणारी ग्लुक्युरोनाइडेशन नावाची प्रक्रिया फार दुबळी असते. त्यामुळे परमेथ्रिन अंगात साचतं आणि मज्जासंस्थेवर घाला घालतं. माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी बाधते, तिच्यामागेही हीच उणीव आहे. कुत्र्याच्या औषधाच्या पिपेटमधलं, म्हणजे थेंब टाकायच्या छोट्या नळीतलं, द्रावण इतकं तीव्र असतं की त्याचे थोडे थेंबही मांजराला झटके आणायला पुरतात. त्यामुळे ‘अर्धं माप’ या शब्दांना इथे अर्थच उरत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ओळखीच्या एका घरी असंच औषध दुपारी टाकलं गेलं आणि रात्री मला फोन आला. गेलो तेव्हा मांजर टॉवेलवर पडलं होतं. आधी फक्त कानांची टोकं थरथरत होती, माशी बसल्यावर हलावीत तशी. मग पाठीची कातडी लहरायला लागली, मग चारही पाय ताठ झाले. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांचा रंगच दिसेना. ते मांजर वाचलं, पण त्यासाठी दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. परमेथ्रिनवर नेमका असा उतारा नाही. डॉक्टर अंगावरचं औषध धुतात, झटके आवरायची औषधं देतात, सलाईन लावतात, शरीराचं तापमान सांभाळतात आणि विष ओसरायची वाट पाहतात. काही मांजरांना ते तीन-तीन दिवस छळतं.

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर आणखी एक काळजी घ्यायला हवी. औषध टाकलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या किंवा त्याला चाटलेल्या मांजरालाही बाधा होते. अशा घरात कुत्र्यासाठीसुद्धा परमेथ्रिन नसलेलं औषध मागून घ्यावं.

आता टी ट्री आणि लिंबाकडे येऊ. पोस्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आलेली नाही: मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं. जागेपणीचा मोठा वेळ ते स्वतःला चाटण्यात घालवतं, आणि अंगाला अनोळखी वास लागला की जास्तच चाटतं. शिवाय ही तेलं कातडीतूनही शोषली जातात. टी ट्री तेलातल्या टर्पीन वर्गातल्या द्रव्यांनी मांजराची लाळ गळते, चाल झोकांडते, अंग गार पडतं, ते सुस्तावून कोपऱ्यात बसतं. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन पिसवांना मारतं हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण मांजरालाही ते बाधतं, म्हणून ती माहिती अर्धीच सांगणं धोक्याचं आहे. व्हिनेगरचं नाव काही जण जोडतात. त्याने पिसवा मरत नाहीत. खाजवून सोललेल्या कातडीची आग तेवढी होते.

इथे ‘केमिकल’ या शब्दाबद्दल बोलायलाच हवं, कारण पोस्टचा सगळा जोर त्याच्यावर आहे. ही भीती मी समजू शकतो. आपलं जनावर बोलून सांगू शकत नाही, त्यामुळे त्याच्या अंगावर काही टाकताना हात कचरतोच. पण टी ट्री तेल हेही रसायनच आहे, आणि असं रसायन की ज्याचं मांजरासाठीचं सुरक्षित माप कुणी ठरवून दिलेलं नाही. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन, फ्लुरालानर यांची मांजरांसाठी बनवलेली औषधं वजनानुसार मापून येतात, मांजरांवर तपासलेली असतात. दुष्परिणाम त्यांनाही आहेत. मांजराला पूर्वी कधी झटके आले असतील तर फ्लुरालानर गटातलं औषध देण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या औषधांबद्दल शंका विचारायला माणूस आहे आणि काही बिघडलं तर काय करायचं हेही ठरलेलं आहे. चोळलेल्या तेलाच्या बाबतीत यातलं काहीच नाही.

लसणाबद्दल. लसूण आणि कांदा यांतली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या तांबड्या रक्तपेशींची नासाडी करतात. मांजराचं हिमोग्लोबिन अशा माऱ्याला इतर प्राण्यांच्या मानाने फार लवकर बळी पडतं. पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. तो लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, म्हणून लसणाशी त्याचा संबंधही कुणाच्या लक्षात येत नाही. आणि लसणाने पिसवा पळतात याला आधार नाही. खरं तर पिसवांनी आधीच रक्त प्यायलेल्या जनावराचं उरलेलं रक्त आपणच नासवायचं, असा हा उपाय आहे.

‘दिसत नाहीत म्हणजे नाहीत’ हा दावा निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त मांजरं याच वाक्याने हाल काढतात. मांजर पिसवा चाटून गिळून टाकतं. अंगावर शंभर असल्या तरी तुमच्या नजरेस एकही पडणार नाही अशी शक्यता असते. म्हणून पिसू शोधायची नाही, तिची विष्ठा शोधायची. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या बुडाशी पाठीवर आणि मानेभोवती कातडीला टेकवून ती फिरवा. फणीत केसांबरोबर मिरपुडीसारखे काळे कण येतील. ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस तपकिरी वर्तुळ पसरतं, कारण ती न पचलेलं वाळकं रक्त असते. आमच्या बोक्याच्या बाबतीत मी दोन महिने ‘कोंडा असेल’ म्हणत राहिलो. कागदावर ते तांबडे ठिपके पसरताना पाहिले तेव्हा पोटात खड्डा पडला.

आणखीही खुणा असतात. मानेवर खवल्यांसारखी बारीक पुरळ, पोटावरचे किंवा मागच्या मांड्यांवरचे केस चाटून विरळ झालेले. काही मांजरांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते आणि त्यांना दोन-चार चावेही पुरतात. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते टेपवर्म या चपट्या जंताचे असतात. गिळलेल्या पिसवांतूनच तो पोटात जातो. नुसतं जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर जंत पुन्हा होतो.

घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला पिसवा होत नाहीत, हेही खरं नाही. पिसवा माणसांच्या कपड्यांवरून येतात, आल्यागेल्या जनावरांबरोबर येतात, आणि आधीच्या भाडेकरूने मांजर पाळलं असेल तर त्या घरात तुमच्याही आधीपासून असतात. पिसूचा कोष महिनोन्महिने टिकतो. ऊब, पावलांचा हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की आतली पिसू बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच पायाला एकदम डझनभर पिसवा चिकटतात, त्या अशा.

यावरूनच ‘सात दिवसांत मुळापासून’चा हिशेब का चुकतो ते कळतं. अंगावरच्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा ढोबळमानाने ५ टक्के भाग. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असतात, केसांत न थांबता मांजर जिथे लोळेल तिथे गळतात. अळ्या उजेड टाळून फटींत शिरतात. कोषावर तर कीटकनाशकाचाही फारसा परिणाम होत नाही. अंगावरच्या सगळ्या पिसवा आज मारल्या तरी पुढचे काही आठवडे कोषांतून नव्या निघतच राहणार.

इथेच लोक कच खातात. औषध टाकल्यावर पंधरा दिवसांनी पिसू दिसली की ‘औषध कुचकामी’ म्हणतात आणि तेलाच्या बाटलीकडे वळतात. ती बहुधा कोषातून नुकतीच निघालेली असते. मांजरावर चढली की औषधाने मरते. म्हणून घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, ज्याचं त्याचं औषध, ठरलेल्या अंतराने, किमान तीन महिने. मध्ये खंड नको. थेंब केसांवर नाही, केस दुभागून डोक्याच्या मागे मानेच्या बुडाशी थेट कातडीवर, म्हणजे जीभ पोचत नाही. मांजर झोपतं ती चादर, उशीचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याच्या फटींत, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने रोज फिरवा. त्याच्या हादऱ्याने कोषांतल्या पिसवा बाहेर पडतात आणि औषधाच्या तडाख्यात सापडतात, हा फायदाच. कचऱ्याची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. उपद्रव फारच असेल तर अंडी-अळ्यांची वाढ रोखणारा, मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असलेला घरात मारायचा फवारा डॉक्टरांना विचारून घ्या. मात्र परमेथ्रिन असलेले फवारेही असतात, लेबल वाचा, आणि फवारलेली खोली पूर्ण वाळेपर्यंत मांजराला आत सोडू नका.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत, आणि पिसवा रक्त पिऊन एवढ्याशा जिवाला मारूही शकतात. त्यांच्यासाठी फणी आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी भरलेली वाटी. फणीतली पिसू त्यात बुडते, साध्या पाण्यात ती तरंगून उडी मारते. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसल्या तर फणी खाली ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा.

ज्यांनी ही पोस्ट वाचून आधीच काही लावलं आहे, त्यांच्यासाठी: तेल किंवा कुत्र्याचं औषध अंगावर असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा. कढत पाणी नको, त्याने कातडीतलं शोषण वाढतं. धुतल्यावर टॉवेलने पुसून उबेत ठेवा, चाटू देऊ नका. मांजर आधीच थरथरत असेल, झोकांड्या खात असेल, तर धुण्यातही वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. उलटी करवायचा प्रयत्न करू नका, दूध पाजू नका. औषधाचं पाकीट किंवा बाटली बरोबर घ्या, निघताना डॉक्टरांना फोन करून नाव सांगा आणि किती वाजता लावलं तेही सांगा.