फोडणीने मसाला मरत नाही

सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या, भिशीच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'भाजल्याने आणि फोडणीने मसाल्याचे गुण मरतात. हळद, जिरं, तिखट गॅस बंद केल्यावर कच्चंच घाला. तिखट जितकं लाल तितकं जहाल. वर्ष उलटलेला मसाला विष होतो.' ऐन मसाल्याच्या दिवसांत, डंकावर नंबर लावायच्या वेळी, बायका विचारू लागल्या की यंदा धणे-खोबरं भाजायचं की नाही. भाजायचं, आणि नीट भाजायचं. का, ते सांगते.

'गुण मरतात', पण कोणते? हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिनही तसंच. आपल्या मिसळीत हे रोज दिसतं. सगळ्यात झणझणीत असते ती वर तरंगणारी तर्री, आणि ज्याला सोसत नाही तो 'तर्री कमी' म्हणून सांगतो. तिखटपणा आणि रंग दोन्ही तेलाने ओढून घेतलेले असतात. उकळत्या रश्श्यावर नंतर भुरभुरवलेलं कच्चं तिखट घशाला लागतं, रश्श्यात मुरत नाही.

भाजताना काही वास उडून जातो, हे खरंच आहे. पण त्याच वेळी धणे, तीळ, खोबरं यांतल्या साखरा आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांत मिसळून जो खमंगपणा तयार होतो, तो कच्च्या मसाल्यात नसतोच. काळ्या मसाल्याचा सगळा जीव त्यात आहे. दगडफूल कच्चं हुंगून पाहा, जेमतेम मातकट वास येतो. तेलावर परतलं की तेच घरभर घमघमतं. हिंगाचा कच्चा उग्रपणा गरम तेलातच निवळतो.

मोहरीचं तर फार शिकण्यासारखं आहे. अख्ख्या दाण्याला झणका नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो, म्हणून लोणच्याला मोहरी फेसून घेतात. कडकडीत तेलात तडतडली की ते विकरच निकामी होतं, आणि उरते सौम्य, खमंग चव. पदार्थ एकच, कामं दोन. 'सगळे मसाले कच्चेच घाला' असा सरसकट नियम म्हणूनच चालत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य: धुरावलेल्या तेलात पूड टाकली तर ती क्षणात करपते आणि भाजी कडवट होते. आधी मोहरी-जिरं, मग कांदा, मग आच मंद करून हळद-तिखट, आणि लगेच पाण्याचा हबका. कोथिंबीर मात्र शेवटीच, तिचा नाजूक वास उकळीत टिकत नाही.

लाल म्हणजे जहाल, हेही चूक. रंग देणारी द्रव्यं वेगळी, तिखटपणा देणारं वेगळं, आणि कॅप्सेसिनला स्वतःचा रंगच नाही. ब्याडगी गडद लाल, पण सौम्य. लवंगी मिरची रंगाला कमी, तिखटाला जबर. दोन्ही मिसळून घेण्याची आपली रीत यामुळेच पडली. तिखटात वरून रंग घालायला कायद्याने बंदी आहे. ग्लासातल्या पाण्यावर चिमूटभर तिखट टाकून रंगाच्या रेघा खाली उतरतात का, ते घरी पाहता येतं. पण सुदानसारखे तेलात विरघळणारे रंग या चाचणीत सापडत नाहीत, त्यांना प्रयोगशाळाच लागते.

जुन्या मसाल्याबद्दल थोडक्यात: कोरडा राहिलेला मसाला वर्षाने विष होत नाही, त्याचा वास उतरतो. तळहातावर चोळून हुंगा. वास आला नाही तर तो भाजीत काही करणार नाही. अख्खा मसाला पुडीपेक्षा जास्त टिकतो, म्हणून लागेल तेवढाच कुटून आणावा. पण ओल लागून बुरशी धरलेली मिरची किंवा धणे सरळ फेका. भाजून, चाळून वाचवू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या कढईच्या आचेवर पुरतं नष्ट होत नाही.