दिव्यांग कार्ड आणि वॉटर पार्कची पार्किंग : खुलासा

आर्वीकडच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'यूडीआयडी कार्ड (म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असलं की नागपूरकडच्या वॉटर पार्कात पार्किंग फुकट. आजी घरी असली तरी तिचं कार्ड दाखवा.' दोन्ही गोष्टी चूक.

कार्ड म्हणजे ओळख, फुकटचा पास नव्हे. त्याने सगळीकडे पार्किंग माफ होते असा नियम नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे इमारती कशा असाव्यात याची देशपातळीवरची नियमावली, बोलते ती जागेबद्दल : प्रवेशापासून 30 मीटरच्या आत दिव्यांगांसाठी किमान दोन गाड्यांची जागा, प्रत्येकीची रुंदी किमान 3.6 मीटर. एवढी रुंद कशाला? मागच्या मे महिन्यात आईला वॉकरसकट घेऊन गेलो, दोन बोलेरोंच्या मधे गाडी लावली. दार अर्धंच उघडलं. शेवटी गाडी बाहेर काढून तिला भर उन्हात मुरमावर उतरवलं. वॉकरचे पाय रुतत होते ते वेगळंच!

आणि आजीचं कार्ड दुसऱ्यानं वापरणं? दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 आहे : 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजीलाच नेत असाल तर निघण्याआधी फोन करून दाराजवळची जागा विचारून घ्या.