त्यांचाच कागद त्यांनाच दाखवायचा

परवा आईचा एक अर्ज ऑनलाइन भरत बसलो होतो. चौथ्या पानावर ओटीपी येईना, आला तोवर सेशन संपलेलं, मग परत पहिल्यापासून नाव, पत्ता, जन्मतारीख. आणि कहर म्हणजे जो दाखला अपलोड करायला सांगितला तो त्याच खात्याने दिलेला! म्हणजे त्यांचाच कागद मी स्कॅन करून, साइझ कमी करून त्यांनाच दाखवायचा. आई म्हणाली, "यापेक्षा रांग बरी रे, निदान खिडकीतल्या माणसाला विचारता तरी येतं."

मला विचाराल तर घोळ टेक्नॉलॉजीचा नाहीच. कागदी फॉर्म उचलून तसाच स्क्रीनवर ठेवलाय. माणूस येतो तो बाळ झालं, नोकरी गेली, वडील गेले असं काहीतरी घेऊन, आणि वेबसाइट त्याला विचारते तुमचं खातं कुठलं, योजना कुठली. अहो ते माहीत असतं तर...

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विमा घेण्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली, पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची. साइटवर गर्दीचा लोड तर होताच, पण आधी अकाउंट काढा मगच विमा योजना बघा असली अट घातल्यावर नुसतं चौकशीला आलेलं पब्लिकसुद्धा दारातच तुंबणार ना!

उलट ऑस्ट्रियात २०१५ पासून बाळाची जन्मनोंद झाली की तीच माहिती पुढे जाते आणि सगळं जुळत असेल तर मुलासाठीचा भत्ता अर्ज न करताच सुरू होतो. फॉर्मच नाही! मला हे सगळ्यात भारी वाटतं, कारण आपण फॉर्म सोपा कसा करायचा यावर मीटिंगा घेतो, तो हवाच कशाला हे कुणी विचारत नाही.

यावर लोक लगेच प्रायव्हसीचं काढतात, आणि बरोबरच आहे, खात्यांनी आपापसात माहिती फिरवायची म्हणजे भीती वाटणारच. पण एस्टोनियात खाती २००१ पासून एक्स-रोड नावाच्या, खात्यांच्या सिस्टिम एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यावरून माहिती देतात-घेतात, आणि आपली माहिती कुठल्या खात्याने कधी उघडली हे बऱ्याच नोंदींच्या बाबतीत नागरिकाला स्वतः बघता येतं. इथे आमची माहिती कोण बघतं ते सोडा, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे एवढं कळलं तरी चालेल.

आईच्या अर्जापुढे आज नववा दिवस 'प्रक्रियेत' एवढंच दिसतंय. ती रोज विचारते, आणि मी रोज रिफ्रेश करतो.