"आमचं काही नाही हो, पण…"

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे सरका.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकलं. आपला धर्म मुळातच सहिष्णू, बाकीच्यांचे मुळातच नाहीत. खाली जोडलेल्या हातांची रांग. आमचा धर्म कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नावं बदलून हाच मजकूर प्रत्येक धर्मातल्या काकांच्या फोनमध्ये फिरत असणार.

मला लगेच तो घरमालक आठवला. मित्राबरोबर भाड्याचं घर बघायला गेलो होतो. माणूस काय गोड बोलायचा! ऊन कुठल्या खिडकीतून येतं, वारा कुठून, सगळं हौसेनं दाखवलं. मित्र तर पुस्तकांचं कपाट बसेल का म्हणून वितीनं भिंत मोजायला लागला. मग मालकानं नाव विचारलं. आडनावासकट. आणि त्याच गोड आवाजात, "आमचं काही नाही हो, पण बिल्डिंगमधले बाकीचे…"

हे 'बाकीचे' कुणाला कधी भेटलेत का? मला तरी नाही. जो तो स्वतः सहिष्णूच असतो.

ते प्युरिटन बघा, कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. इंग्लंडमध्ये छळ होतो म्हणून समुद्र ओलांडून १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेले. आपल्या पद्धतीनं देवाला भजू द्या, एवढंच मागणं. आणि १६६० मध्ये त्यांनीच बोस्टनला मेरी डायर या बाईला फाशी दिली. गुन्हा काय, तर ती क्वेकर, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, होती आणि हद्दपार करूनही परत आली. येशू तोच, बायबल तेच! किंवा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन. स्वतः फ्रान्समधून जीव वाचवून पळालेला. जिनिव्हात त्याचा शब्द चालायला लागला आणि १५५३ मध्ये वेगळं मत मांडणाऱ्या सर्व्हेटसला तिथे जिवंत जाळलं. कॅल्विनला म्हणे जाळण्याऐवजी शिरच्छेद हवा होता. केवढी ती दया!

बुद्धाचं नाव घेणाऱ्यांच्या देशातून, म्यानमारमधून, २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या मुस्लिम जीव वाचवून पळाले. आणि १४९२ मध्ये स्पेननं हाकललेल्या ज्यूंना आसरा कुणी दिला? ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायझीदनं. (हो, तिथे बिगरमुस्लिमांवर वेगळा कर होता, बरोबरीचा दर्जा नव्हता. मान्य.) तेव्हा काका, धर्म 'मुळात' कसा आहे ते राहू द्या. आपण संख्येनं जास्त असताना, सत्ता आपल्या हातात असताना कसे वागलो, तेवढं सांगा.

घर त्याचं, कुणाला द्यायचं तो ठरवेल, असं म्हणणारे आहेत. असेल बाबा. पण मग "आमचं काही नाही" कशाला? सरळ म्हणा ना, आमचंच आहे!

खरं तर रागावून उपयोग नाही. मला प्रेमाबिमाची अपेक्षाही नाही. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चची, म्हणजे येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवरच्या चर्चची, किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे. आत ख्रिस्ती पंथांचं आपसात इतकं वाकडं, की २००८ मध्ये आर्मेनियन आणि ग्रीक भिक्षूंची तिथेच हाणामारी झाली होती. तरी दार रोज उघडतं. भांडण आहे हे धरून चालून काढलेली ही सोय मला कुठल्याही सर्वधर्मसमभावाच्या भाषणापेक्षा जास्त आवडते.

मित्राला शेवटी घर दिलं ते एका तिरसट बाईंनी. भयंकर धार्मिक. त्याच्या धर्माबद्दल त्यांचं मत अजिबात चांगलं नाही, आणि ते त्या त्याला तोंडावर सांगतात. पहिल्या भेटीत विचारलं एवढंच, भाडं वेळेवर देणार ना? कपाट बसलं. तो सोडेपर्यंत कधी "बाकीच्यांचा" विषय निघाला नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी कुरकुर केली तेव्हा बाईंनी त्यांनाच झापलं. सोसायटीला एक गोड माणूस आणि एक अशी बाई यांतून निवडायचं असेल, तर माझं मत बाईंना.

आता कमेंटमध्ये "मग त्यांचं काय?" येणारच. त्यांचंही वर लिहिलंय, नीट वाचा. धर्माच्या नावानं बॉम्ब फोडणारे आहेत, मला दिसतात, त्यांची वकिली मी करत नाहीये. वाद खुशाल घाला. शिवीगाळ केलीत तर कमेंट उडवणार, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. आणि काका, तुम्ही हे वाचणार हे माहितीये. फोन करा, ग्रुपवर नको.