क्लाउडवर फोटो आहेत म्हणजे ते जपलेत असं नाही

गणपती विसर्जन, मग नऊ रात्रींचा गरबा, लगेच दिवाळी. बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत या दिवसांत फोनवर एकच सूचना झळकते: ‘स्टोरेज फुल’. मग कोणी हाताला लागेल ते पुसत सुटतं, तर कोणी दरमहा पैसे भरून जागा वाढवून घेतं. यातलं काहीही करण्याआधी हे वाचा. फोटो कायमचे जातात ते बहुतेक वेळा याच घाईत.

आधी हिशेब. गूगल फुकट देतं ती जागा 15 जीबी, 2013 पासून तेवढीच, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. 2015 मध्ये गूगल फोटोज सुरू झालं तेव्हा ‘हाय क्वालिटी’तले फोटो हवे तेवढे फुकट ठेवता येत होते. ते 1 जून 2021 पासून बंद झालं. 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच 15 जीबीत धरला जातो. आयफोनचं 4के (जास्त बारकाव्याचं) व्हिडिओ मिनिटाला साधारण 170 एमबी घेतं, 1080पी (साधं एचडी) साधारण 60. म्हणजे दीड तास 4के गरबा चित्रित केला की सगळी फुकट जागा संपली. घरी बघायला 1080पी अगदी पुरेसं आहे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एकदा बदलून ठेवा. जागा भरली की नुसते फोटो चढायचे थांबत नाहीत, जीमेलवर मेल येणंही थांबतं. बँकेचं महत्त्वाचं पत्र परत गेलं तरी तुम्हाला कळत नाही.

साफसफाई व्हॉट्सॲपपासून करा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढलेल्याच असतात. सुप्रभातची फुलं आणि दहा ग्रुपांवर आलेली एकच आरती तिथून बिनधास्त काढा. मग चॅट बॅकअपमध्ये ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. नंतर जीमेलच्या शोधखिडकीत इंग्रजी अक्षरांत लार्जर, कोलन, 10एम असं सलग (larger:10M) लिहा. मोठ्या अटॅचमेंटच्या मेल समोर येतील. नको त्या काढा आणि ट्रॅशही रिकामा करा, कारण ट्रॅशमधल्या वस्तूही जागेत मोजल्या जातात.

आता खरा मुद्दा. सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. गूगल फोटोज फोनमधला फोटो वर चढवतं आणि त्यानंतर दोन्हीकडचा फोटो एकमेकांना बांधलेला असतो. तुम्ही त्या ॲपमधून फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो आणि त्याच खात्यावरच्या टॅबलेटमधूनही. चढवलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस असतो, मग संपला. फोनची जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हेच बटण वापरा. ते फक्त फोनमधली प्रत काढतं, वरची ठेवतं. ॲपलच्या आयक्लाउडचंही तत्त्व तेच, तिथे परत आणायची मुदत 30 दिवस. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जिला एका जागी झालेली चूक आपोआप दुसरीकडे पोचवता येत नाही. दुसरं, कोणी पाठवलेल्या शेअर्ड अल्बममधले फोटो तुम्ही ‘सेव्ह’ केले नसतील तर ते तुमचे नाहीत. त्याने काढले की तुमच्याकडूनही गेले.

सेवा कायम राहतील या भरवशालाही अर्थ नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, पिकासा 2016 मध्ये, गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये. फ्लिकरने 2013 मध्ये एक टीबी फुकट दिलं आणि 2018 मध्ये फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. कंपनीने भाडेकरूला नोटीस देऊन जागा रिकामी करून घेतली, इतकंच. आणि दोन वर्षं वापरलं नाही तर गूगलचं खातंच पुसलं जाऊ शकतं. आजोबांचं जुनं खातं असेल तर त्यात आजच लॉगिन करा.

घरी प्रत आणायची रीत अशी. गूगल टेकआउट (आपला डेटा उतरवून घ्यायचं गूगलचं पान) उघडा, आधी ‘डिसिलेक्ट ऑल’, मग फक्त गूगल फोटोजवर खूण करा. आत जाऊन वर्षांचे फोल्डर निवडता येतात. एका वेळी दोन-तीन वर्षंच घ्या. प्रकार झिप (अनेक फाइलींचं एक गाठोडं), प्रत्येकाचा आकार 2 जीबी. मोठा आकार घेतला तर फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीच्या पुढची फाइल चढतच नाही आणि नेट मध्येच तुटलं तर सगळं पहिल्यापासून. लिंक मेलवर येते, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. ती साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा शनिवारी सकाळी मागवा. हार्डडिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल. फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ते रिकाम्या डिस्कवरच करा.

झिप सोडवल्यावर लोक दोन गोष्टींना घाबरतात. प्रत्येक फोटोशेजारी जेसन (.json) प्रकारची छोटी फाइल असते. ती कचरा समजून पुसू नका, तारीख, ठिकाण आणि तुम्ही लिहिलेली ओळ त्यात असते. दुसरं, सगळ्या फोटोंची तारीख आजची दिसते. ती फाइल उतरवल्याची तारीख आहे. कॅमेऱ्याने टिपलेली खरी तारीख फोटोच्या आत शाबूत असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मात्र ती आतली माहिती नसते. अँड्रॉइडवर तिथे तारीख सांगतं ते फक्त फाइलचं नाव: आयएमजी-20190912-डब्ल्यूए0007 म्हणजे 12 सप्टेंबर 2019. ही नावं ‘बाप्पा1’, ‘बाप्पा2’ अशी बदलू नका. अल्बममधला फोटो दोनदा येतो, वर्षाच्या फोल्डरात आणि अल्बमच्या. तो घोटाळा नव्हे.

मग डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक वर्षातले चार फोटो, एक व्हिडिओ उघडून बघा. ही पायरी कृपा करून टाळू नका. 1998 मध्ये पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत ‘टॉय स्टोरी 2’ या सिनेमाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं परत आणायला गेल्यावर कळलं. सिनेमा वाचला तो तिथल्याच गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे. लहान बाळामुळे त्या घरून काम करत होत्या आणि तिथे एक प्रत होती.

बडोद्याला तर हे नव्याने सांगायला नको. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून रंगवून घेतलेली पौराणिक चित्रं राजवाड्यात राहिली, पण रविवर्म्याच्या छापखान्यातल्या प्रती घराघरांतल्या देवघरात लागल्या. तो छापखाना 1972 मध्ये जळाला. प्रती भिंतींवर होत्या म्हणून त्या आजही सापडतात. याच शहरातल्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची मात्र चारपैकी पहिली आणि शेवटची रिळंच आज पाहायला मिळतात. नायट्रेटची फिल्म, पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी, आणि प्रती मोजक्याच.

मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या टीव्ही मालिकेची. बीबीसीने 1960–70 च्या दशकांत टेपा पुसून पुन्हा वापरल्या, आणि या मालिकेचे सुरुवातीचे नव्वदहून अधिक भाग गेले. 2013 मध्ये नऊ भाग थेट नायजेरियात सापडले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीवरून तो ध्वनिमुद्रित केला होता.

तशा कॅसेटी आपल्याही घरांत आहेत: भजनी मंडळ, आजीच्या ओव्या, मंडळाचं नाटक. त्या उतरवून घ्या. कॅसेट प्लेअरच्या हेडफोन भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या, माइकच्या भोकाला नाही, आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट आणि वेव्ह प्रकारची फाइल निवडा. साठ मिनिटांची कॅसेट साधारण 600 एमबी होते. टेपवर पांढरी बुरशी दिसली, आपल्या पावसाळ्यात ती धरतेच, तर कॅसेट लावू नका, ती प्लेअरला आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे न्या. आणि बाकीच्या प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात, ते आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजीचा आवाज पुसला जाणार नाही.