आइन्स्टाइनने नीती सापेक्ष ठरवलेली नाही

मालवण-देवगडकडे सध्या एक संदेश फिरतोय: 'सगळं सापेक्ष आहे हे आइन्स्टाइनने सिद्ध केलं. मासेमारीबंदीच्या तारखाही किनाऱ्यागणिक वेगळ्या. मग पावसाळ्यात ट्रॉलर नेला तर चूक कसली?'

पहिलं वाक्यच खोटं. त्याचा १९०५चा सापेक्षतेचा सिद्धांत वेळ आणि अंतराच्या मोजमापाबद्दल आहे, नीतीबद्दल नाही; उलट प्रकाशाचा निर्वातातला वेग सर्वांना सारखाच, हा त्याचा पाया.

तारखांचं मात्र खरं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. पण दोन्हीकडे हेतू एकच, माशांना अंडी घालायला उसंत मिळावी. नियम वेगळे म्हणजे तत्त्वही वेगळं, असं होत नाही. अर्थात एवढ्याने नीती निरपेक्षही ठरत नाही. तो वाद खुशाल घाला, फक्त आइन्स्टाइनला होडीत बसवू नका.